अकरा सेकंदांचा दादा

आधी तो तुकडा बघून घ्या.

गर्दी. मधोमध एक उंच माणूस, निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो उजवा हात वर करतो आणि तोंड मोठं उघडून काहीतरी ओरडतो. मानेच्या शिरा ताठ. मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर आदळतं, तो वळून आणखी जोरात ओरडतो. हात पुन्हा वर.

अकरा सेकंद. आवाज नाही.

हा माणूस म्हणजे कात्रीचा सख्खा थोरला भाऊ. शाळेची बस चालवतो. मुलं त्याला बसकाका म्हणतात आणि त्याच्या बसमध्ये खिडकीची जागा कुणाची यावरून भांडतात. आयुष्यात त्याने कुणावर हात उगारलेला नाही. एकदा एका कावळ्यावर उगारला होता, तोही कावळ्याने मनावर घेतला नाही.

*

कात्री हे तिचं कामावरचं नाव. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. एका वृत्तवाहिनीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या थंडगार खोलीत ती एकोणीस वर्षं दृश्यं कापत होती. पुढाऱ्याचं चाळीस मिनिटांचं भाषण तिच्याकडे यायचं आणि बारा सेकंदांचं होऊन बाहेर पडायचं. "आमचं पीठ चाळणारी बाई," असं शिफ्टप्रमुख तिच्याबद्दल म्हणत. शिफ्टप्रमुखांना सगळे घाईसाहेब म्हणत. कारण सांगायची गरज नाही.

त्या खोलीचा एक धर्म होता: पडदा रिकामा ठेवायचा नाही. बातमी आधी येते, दृश्यं मागून येतात. मधल्या दहा-वीस मिनिटांत दाखवायचं काय? त्यासाठी साठवण असे. गर्दी-शांत. गर्दी-संतप्त. रांगा. पोलीस-उभे. पोलीस-धावणारे. रिकाम्या खुर्च्या. रडणं-बायका, यात दोनशेच्या वर तुकडे. रडणं-पुरुष, यात चार. हवा तो तुकडा काढायचा, वर उजव्या कोपऱ्यात 'संग्रहित' असं बारीक लिहायचं आणि सोडायचा. लोक कोपरे वाचत नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण लिहिलं म्हणजे आपल्याकडून फिटलं.

'गर्दी-संतप्त'मध्ये दादा होता.

चार वर्षांपूर्वी नदीवरच्या पुलाचा कठडा ढासळला तेव्हा तिथे माणसं जमली होती. कॅमेरावाल्याने आणलेलं कच्चं चित्रण चाळता चाळता कात्री एकदम किंचाळली होती, "अगं बाई, हा तर आमचा दादा!" अख्खी खोली तिच्या पडद्याभोवती गोळा झाली. तिने तो कौतुकाने कापला. आवाज काढला, कारण आवाज असला की तुकडा एकाच बातमीला चिकटून बसतो, आवाज नसला की कुठेही चालतो. आणि साठवून ठेवला.

मग ती तो वापरू लागली. जिथे संतप्त गर्दी लागेल तिथे. पहिल्यांदा गंमत म्हणून, मग लाड म्हणून, मग हाताच्या सवयीने.

*

चार वर्षांत दादा कशाकशाच्या विरोधात होता:

पाणीपट्टी. वीज. परीक्षेचे फुटलेले पेपर. विमानतळासाठीची जमीन. एका मंत्र्याचा राजीनामा. त्याच मंत्र्याचा राजीनामा स्वीकारला म्हणून. डास.

प्रत्येक वेळी संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"काय गं, आज मी कशाच्या विरोधात?"

"आज तू विमानतळाच्या."

"अरेच्चा. मला तर विमान आवडतं."

"मग काय, पोटावर पाय आला ना तुझ्या."

"बरं, दिसलो कसा?"

"मस्त. पोट आत होतं."

"चार वर्षांपूर्वीचं आहे ते, आतच असणार. तुझी वहिनी विचारतेय, तो शर्ट तरी बदलता येतो का बघ म्हणावं."

आई होती तोवर तीही शेजाऱ्यांना बोलावून दाखवायची. मुलगा टीव्हीवर, मुलीने लावलेला. दोन्ही लेकरं एकाच पडद्यावर, अजून काय पाहिजे.

*

मतमोजणीचा दिवस. दुपारचे दोन चाळीस.

बातमी आली की उपनगरातल्या मोजणी केंद्राबाहेर जमावाने नुकताच मांडव पेटवला आणि आतला म्हातारा पहारेकरी भाजला. कॅमेरा पोचायला अजून वेळ होता.

"कात्री, गर्दी दे! चिडलेली दे! घाई!" घाईसाहेबांचा आवाज काचेपलीकडून.

तिच्यासमोर तेव्हा तीन बातम्या एकदम उघड्या होत्या. हात आपोआप गेला. तिने कोपऱ्यात 'संग्रहित' लिहिलं. न चुकता लिहिलं. पुढे तिला हे शंभरदा सांगावं लागलं, आणि ते खरं होतं. पण त्या दिवशी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात निकालाची चौकट बसवलेली होती. कोण किती जागांवर पुढे. ती चौकट सगळ्याच्या वर होती. 'संग्रहित' तिच्याखाली गेलं.

तुकडा एकदा फिरला. दोनदा फिरला. पाचव्यांदा फिरताना निवेदिका म्हणाली, "थांबा, जरा हे दृश्य थांबवा. हा निळ्या शर्टातला माणूस पाहा. हा जमावाला चिथावणी देताना स्पष्ट दिसतोय."

दादाच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ उमटलं.

कात्री खुर्चीवरून उठली तेव्हा कानातल्या यंत्राची वायर ओढली जाऊन तुटली, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

"साहेब, तो आमचा दादा आहे. ते जुनं आहे. पुलाचं आहे!"

घाईसाहेबांनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याने लगेच दृश्य काढायला लावलं.

"आणि सांगा ना," ती म्हणाली. "सांगा की हा तो नव्हे."

"कात्री, आज निकाल आहे. आजच्या दिवशी आपण चुकलो म्हणायचं? उद्या बघू."

"लोकांनी ते उचललं असेल एव्हाना."

"उचललं तर आपण काय करणार? आपण तर काढलं."

उचललं होतंच. तीनला दहा कमी असताना तो तुकडा चार वाहिन्यांवर होता आणि मोबाइलवर किती ठिकाणी ते मोजायला माणूस नव्हता. प्रत्येक ठिकाणी लाल वर्तुळ तसंच.

सव्वातीनला तिचा फोन वाजला.

"काय गं, आज मी कशाच्या विरोधात?"

मागे बसच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. शेवटचं मूल उतरवून तो गाडी वळवत होता. कुणीतरी त्याला फोन करून सांगितलं होतं, बसकाका, टीव्हीवर आहात.

कात्रीने काचेपलीकडच्या पडद्याकडे पाठ केली.

"हॅलो? अगं, मोठं काहीतरी दिसतंय. तिघांचे फोन आले. पोट आत आहे ना?"

"दादा," ती म्हणाली, "गाडी लाव आणि सरळ घरी जा. कुठे थांबू नकोस."

"का? डास परत आले का?"

*

संध्याकाळची चर्चा. विषय: निळ्या शर्टामागे कोण?

सत्ताधारी प्रवक्ता: हा माणूस त्यांचा जुना कार्यकर्ता आहे. आमच्याकडे फोटो आहेत.

विरोधी प्रवक्ता: तुमचेच फोटो, तुमचाच माणूस! पराभव दिसल्यावर तुम्हीच मांडव पेटवला.

माजी पोलीस अधिकारी: हाताची पद्धत बघा. ही शिकवलेली पद्धत असते. सामान्य माणूस असा हात करत नाही.

मानसशास्त्राच्या बाई: चेहऱ्यावर जो राग आहे तो लहानपणापासूनचा वाटतो.

निवेदिका: म्हणजे हा पूर्वनियोजित कट होता असं म्हणायचं का?

चौघे एकदम: (ऐकू येत नाही.)

तासाभरात एकानेही विचारलं नाही की दोन चाळीसला हा माणूस होता कुठे. विचारलं असतं तर बत्तीस जणांना उत्तर ठाऊक होतं. त्यातला सगळ्यात मोठा साक्षीदार अकरा वर्षांचा होता आणि सगळ्यात धाकटीने त्या दिवशी बसमध्ये उलटी केली होती. ती पुसायला दादाने स्वतःचा रुमाल दिला होता. दोन चाळीसला.

*

सकाळी वहिनीचा फोन.

"ते घेऊन गेले त्यांना."

"कोण? पोलीस?"

"पोलीसच. खाली माणसं जमली होती. पोलीस आले हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं." मग, "काल ते मला म्हणत होते, तिला काही बोलू नकोस, तिची नोकरी जाईल. मी तुम्हाला काही बोलत नाहीये हो. फक्त सांगतेय."

वहिनी तिला नेहमी 'अगं' म्हणायची. 'हो' त्या दिवशी पहिल्यांदा आलं.

*

कात्रीने ठरवलं, मूळ चित्रण शोधायचं. अकरा सेकंद नव्हेत, पूर्ण चाळीस मिनिटं. त्यात तारीख होती, तुटका कठडा होता, आवाज होता. ते एकदा हाती लागलं की कुणाची बिशाद आहे.

साठवणीचं काम बघणारा माणूस गालावर हात ठेवून बसला होता. त्याने यादी चाळली.

"कच्चं आणि दाखवून झालेल्या बातम्या नव्वद दिवस ठेवतो आपण. नंतर पुसतो. जागा कुठे आहे?"

"आणि कापलेलं?"

"ते कायम राहतं, फक्त तारीख शेवटच्या वापराची दिसते. तुमचं कापलेलं सगळं आहे की इथे, एकोणीस वर्षांचं. काय पाहिजे सांगा."

ती तिथेच एका खोक्यावर बसली.

कारण त्या चाळीस मिनिटांत काय होतं ते तिने पाहिलं होतं. ऐकलंही होतं. एक रुग्णवाहिका गर्दीत अडकली होती. आत कोण होतं कुणास ठाऊक. दादा तिच्या पुढ्यात उभा राहून ओरडत होता, "मागे व्हा! गाडीला वाट द्या! अरे मागे व्हा, आत माणूस आहे!" बस चालवणाऱ्याचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. लोक हटले. गाडी निघाली. मग दादाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि कॅमेरा दिसताच लाजला.

रुग्णवाहिका चित्राच्या चौकटीत डाव्या बाजूला होती. पांढरी गाडी मध्ये आली की तुकडा पुलाचाच वाटतो, दुसरीकडे चालत नाही. म्हणून कात्रीने चौकट उजवीकडे ओढून घेतली होती. बाहीने तोंड पुसणं काढलं, लाजणं काढलं. लाजणारा माणूस संतप्त गर्दीत शोभत नाही.

आता जगात फक्त तिने ठेवलेलं तेवढं शिल्लक होतं.

*

पोलीस ठाण्यात.

"म्हणजे तुमचं म्हणणं, हे तुम्हीच कापलं."

"हो."

"आणि तुम्ही आरोपीची बहीण."

"हो. म्हणून तर कापलं."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "बाई, हे मी लिहून घेतलं तर वाचणारा काय समजेल सांगा. बहीण म्हणते भाऊ निर्दोष आहे आणि पुरावा मीच खराब केला. तुम्ही त्याला वाचवायला आलात की बुडवायला?"

"तो तेव्हा बस चालवत होता! मुलांना विचारा."

"मुलांना इथे आणायचं? पालक आणतील?"

पालकांनी आणलं नाही. कात्री सात घरी गेली. एका बाईने दार अर्धं उघडून सांगितलं, "बसकाका असं करणार नाहीत हे आम्हाला माहीत आहे हो. पण पोरीला यात नको." सातही दारं थोड्याफार फरकाने हेच म्हणाली. सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं आणि दार पूर्ण उघडणं यात जे अंतर असतं, ते तिने त्या दिवशी चालून मोजलं.

त्या संध्याकाळी तिने मोबाइल समोर ठेवून स्वतःचं निवेदन चित्रित केलं. नाव, काम, तुकडा कसा बनवला, चौकट कशी सरकवली, सगळं. साडेसहा मिनिटं. मधे दोनदा तिला रडू आलं, एकदा नाक पुसलं, एकदा शब्द सापडला नाही. ते तिने काढून टाकलं. मुद्दाम नव्हे. हात तसे वळलेले. चार मिनिटं दहा सेकंदांचं स्वच्छ, नेटकं निवेदन तिने लोकांपुढे ठेवलं.

खाली पहिली प्रतिक्रिया आली: *मधे मधे कापलेलं आहे. काय लपवताय बाई?*

दुसरी: *एक मिनिट तीन सेकंदांना बघा, मान एकदम हलते.*

मग सगळे तेवढंच बघू लागले.

वाहिनीने तिला त्याच दिवशी घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे, जेव्हा टीव्ही फक्त दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत चालू असतात, पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकत गेली: मतमोजणीच्या दिवशी दाखवलेलं एक दृश्य संग्रहित होतं. कुठलं, कुणाचं, ते नव्हतं. ओळ दोनदा गेली. तिच्यामागून हवामान आलं.

*

दादा चौथ्या दिवशी सुटला. मुख्याध्यापिका स्वतः बसची नोंदवही घेऊन ठाण्यात गेल्या. दोन सत्तावीसला गाडी फाटकातून बाहेर, तीन तेराला शेवटचा थांबा, खाली दादाची सही. वहीत लिहिलेलं होतं म्हणून अधिकाऱ्याने मानलं. सुटल्याची बातमी कुठे झाली नाही. पेटवणारे दुसरेच कुणी होते, त्यांचीही झाली नाही. तोवर नवं सरकार शपथ घेत होतं.

मुख्याध्यापिकांनी ठाण्याच्या पायरीवरच त्याला सांगितलं, "काही दिवस घरी राहा. पालक घाबरलेत. वातावरण निवळलं की बघू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे त्याला रागावताही आलं नाही.

*

शेवटचा भाग. कुठेही कापलेला नाही.

कात्री सकाळी भावाकडे गेली. इतके दिवस ती गेली नव्हती, तोंड कुठलं दाखवणार. वहिनीने दार उघडलं, "या" म्हणाली आणि आत गेली. दादा खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली. सकाळची बसची वेळ होऊन गेली होती आणि तरीही त्याच्या पायात बूट होते.

"बस," तो म्हणाला.

ती बसली.

"दादा, माझ्यामुळे—"

"ते राहू दे." त्याने मोबाइल उचलला. "मला एक सांग. यात मी काय ओरडतोय?"

त्याने तुकडा लावला. गर्दी, हात, तोंड. संपलं. पुन्हा लावला.

"तुला माहीत नाही?" कात्री म्हणाली.

"आठवत नाही. आठवतं असं वाटायचं. पण हे इतक्यांदा बघितलं ना, आता मला तेच आठवतं. माझं आतलं काही येतच नाही. ठाण्यात मला चार दिवस विचारलं, काय ओरडत होतास, सांग. काय सांगणार? कपाळ?"

"तू म्हणत होतास, मागे व्हा. गाडीला वाट द्या, आत माणूस आहे. रुग्णवाहिका होती तिथे, दादा. तू तिला वाट करून दिलीस. मी ऐकलंय. फक्त मीच ऐकलंय."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. तुकडा पुन्हा लावला आणि या वेळी तोंडाने, अगदी हळू, तिचे शब्द त्या उघडझाप करणाऱ्या ओठांवर बसवून बघितले. मागे व्हा. मागे व्हा. मग मान हलवली.

"नाही बसत."

"बसतंय, दादा. नीट बघ."

"शिवी बसते बघ यात. मी करून बघितलं. शिवी एकदम चपखल बसते." तो हसला, पण त्या हसण्याला बूड नव्हतं. "एवढा राग असणार गं माझ्यात. ती बाई म्हणाली ना, लहानपणापासूनचा."

"तिला काय माहीत तुझं लहानपण! मी होते तिथे! मी सांगतेय ना तुला, मी ऐकलंय!"

"तू सांगतेयस." त्याने मोबाइल पालथा ठेवला. आवाजात कुठे धार नव्हती, असती तर तिला सोसलं असतं. "तुझं कामच ते आहे ना गं. कुठलं ठेवलं की माणसाला बरं वाटेल, ते तुला कळतं. आता मला बरं वाटावं म्हणून हे ठेवतेयस. चांगली आहेस तू. पण मी ते खरं कसं मानू?"

कात्री उठून उभी राहिली. तिने उजवा हात वर केला आणि त्या एवढ्याशा खोलीत, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली:

"मागे व्हा! गाडीला वाट द्या! अरे मागे व्हा, आत माणूस आहे!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. वहिनी धावत बाहेर आली, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? आले का परत? खाली आलेत का?"

"कुणी नाही आलं," दादा म्हणाला. "ही मला करून दाखवतेय, मी कसा होतो ते."

कात्रीचा हात अजून वरच होता. वहिनीने तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तरीही जाऊन दाराला कडी घातली.